मदत हवी आहे: मजकूर जोडणाऱ्या स्ट्रएनकॅटला मोजून जागा दिली, तरी शेजारचा आकडा बिघडतो

नमस्कार मंडळी,

महापे एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत फर्मवेअर (यंत्राच्या चिपमध्ये चालणारा प्रोग्राम) लिहितो. सोसायट्यांच्या टाकीतलं पाणी मोजणारी पेटी आहे. ३२ बिटांची एआरएम चिप, भाषा सी. सोसायटीचं नाव-पत्ता, वेळ आणि लिटर जोडून ४८ बाइटांच्या बफरमध्ये (मजकूर साठवायच्या जागेत) संदेश तयार होतो. स्ट्रक्टमध्ये (एकत्र ठेवलेल्या माहितीच्या गटात) बफरच्या लगेच खाली पंप किती वेळा सुरू झाला तो आकडा आहे.

वाशी-नेरूळच्या पेट्या व्यवस्थित चालतात. कोपरखैरण्याच्या पेटीत मात्र ३०० चे २५६ झाले आणि आकडा तिथेच घोटाळतोय. आधी स्ट्रकॅट होतं, जे जागा न बघताच मजकूर जोडतं. ते धोक्याचं म्हणून सगळीकडे स्ट्रएनकॅट घातलं आणि तिसऱ्या जागी साइझऑफ (बफरचा आकार) वजा स्ट्रलेन (आधीच भरलेली अक्षरं) दिलं. उरली तेवढीच जागा देतोय, मग चुकतंय कुठे? या आकड्यावर मोटरची देखभाल ठरते, म्हणून फार अस्वस्थ आहे.

प्रतिसाद १

तो २५६ च सगळं सांगतोय. ३०० म्हणजे २५६ अधिक ४४. ते ४४ सगळ्यात खालच्या बाइटमध्ये असतात, आणि एआरएमवर सहसा तोच बाइट आधी येतो, म्हणजे तुमच्या बफरला खेटून. कोणीतरी तिथे शून्य लिहितंय.

लिहिणारा स्ट्रएनकॅटच. त्याचा तिसरा आकडा म्हणजे दुसऱ्या स्ट्रिंगमधून जास्तीत जास्त किती अक्षरं घ्यायची. स्ट्रिंग संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट तो त्याशिवाय वेगळा लिहितो. संदेश ४८ अक्षरांपर्यंत भरला की शून्य एकोणपन्नासाव्या बाइटवर पडतं. आखूड नावांत ही वेळच येत नाही. आणखी एक वजा करा.

लायब्ररीत स्ट्रएलकॅट असेल तर ते वापरा. १९९८ साली ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आलं, लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीत २०२३ साली, २.३८ आवृत्तीत. पण नुसतं नाव बदलू नका! त्याला उरलेली जागा नको, बफरचा पूर्ण आकार हवा, दर वेळी ४८. शून्य त्यातच धरलेलं असतं. ते परत देतं ती पूर्ण स्ट्रिंगची लांबी. ती ४८ किंवा जास्त आली, तर शेपूट कापलं गेलं.

बफर फंक्शनला पाठवत असाल तर आत साइझऑफ बफरचा नाही, पॉइंटरचा (त्याच्या पत्त्याचा) आकार देईल, तुमच्याकडे ४. आकार वेगळा पाठवा.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

मनापासून आभार. एक वजा केलं, आकडा ३०० वरून ३०१ झाला. पण तुम्ही शेपटाचं बोललात म्हणून जुने संदेश काढून पाहिले: १८५०० लिटरचे १८५० गेले होते. कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं, कारण १८५० हाही खराच वाटतो. आता स्ट्रएलकॅट घातलंय, परत आलेली लांबी तपासतो, आणि लिटर आधी जोडून नाव शेवटी ठेवलंय.