अनुभव धागा : प्राथमिक शाळेतल्या मुलांसोबत तुम्ही कोणते चित्रपट पाहिलेत आणि ते कसे निवडलेत?

दांडिया बाजारची आजी

आमच्या वाड्यात गणेशोत्सवाच्या दिवसांत चौकात पांढरा पडदा बांधून चित्रपट दाखवत असत. दुसरीत शिकणारी माझी नात परवा सुट्टीतल्या चित्रपटासाठी हट्ट करत बसली होती, तेव्हा त्या पडद्यावरचा एक प्रसंग मला फार वर्षांनी आठवला. चित्रपट पौराणिक होता, म्हणजे मोठ्यांच्या दृष्टीने मुलांना अगदी योग्य. परंतु त्यात एका लहान मुलाला आईपासून ओढून नेतात आणि ती आई हंबरडा फोडते, असा प्रसंग होता. माझ्या आजीने माझे डोळे झाकले, कान मात्र उघडेच राहिले, आणि त्यानंतर कित्येक रात्री मी आईच्या पदराचे टोक मुठीत धरून झोपत असे. त्याच चित्रपटात राक्षसांशी झालेल्या तुंबळ लढाईचे मला काहीच वाटले नव्हते.

आज आपण मुलांसाठी चित्रपट निवडताना मारामारी आणि प्रेमप्रसंग तेवढे पाहतो, आणि ते नसले की निश्चिंत होतो. मुलांना खरोखर काय झेपते आणि काय झेपत नाही, याविषयी तुमचे अनुभव वाचायला मला आवडेल. सुट्टीत सगळी नातवंडे एकत्र जमणार आहेत, म्हणून हा प्रश्न माझ्यासाठी तातडीचाही आहे.

मांजलपूरची आई

आजी, तुम्ही आईपासून तुटण्याचे लिहिलेत, ते अगदी खरे आहे. 'फाइंडिंग नीमो' हा २००३ सालचा चित्रपट सगळे जण मुलांचा म्हणून डोळे मिटून लावतात. रंगीत मासे आहेत, समुद्र आहे, गमतीही पुष्कळ आहेत. परंतु पहिल्या काही मिनिटांतच नीमोची आई आणि तिची जवळजवळ सगळी अंडी एका मोठ्या माशाच्या हल्ल्यात नाहीशी होतात. मी तो आधी एकटीने पाहिला होता, त्यामुळे लेकीला सुरुवातीलाच सांगून ठेवले की यात आई नसणार आहे, पण बाबा मुलाला शोधायला शेवटपर्यंत जातात. तिने एकदाच विचारले, "शेवटी सापडतो ना?" सापडतो म्हटल्यावर ती निवांत बसली. लहान मुलांना शेवट आधी सांगितल्याने त्यांची मजा कमी होते असे मला कधी दिसले नाही, उलट धीर येतो.

कारेलीबागेतील शिक्षिका

मी प्राथमिक वर्गांना शिकवते, त्यामुळे सोमवारी सकाळी मुले काय पाहून आली आहेत हे मला त्यांच्या खेळावरून आणि चित्रांवरून कळते. माझे निरीक्षण असे आहे की पहिली-दुसरीतले मूल मुख्यतः दिसण्याला घाबरते. विद्रूप चेहरा, अचानक रूप पालटणारा माणूस, अंधारातले डोळे हे त्याला पुरेसे असते, मग तो माणूस स्वभावाने कितीही चांगला असो. चौथी-पाचवीतल्या मुलाला राक्षसाचे हसू येते. पण घराला लागलेली आग, हरवलेले भावंड, आईवडिलांचे भांडण, म्हणजे आपल्याही घरात घडू शकेल असे काही पाहिले की ते अस्वस्थ होते. म्हणून "लहान मुलांचा चित्रपट" अशी एकच पेटी करणे मला पटत नाही. सहा वर्षांचे आणि दहा वर्षांचे मूल एकाच सोफ्यावर बसून दोन निराळे चित्रपट पाहत असतात.

प्रमाणपत्राविषयीही थोडे लिहिते, कारण पालकसभेत हा प्रश्न नेहमी येतो. केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ पूर्वी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहण्याच्या चित्रपटांना सरसकट 'यूए' एवढेच लिहीत असे. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि २०२४ च्या नियमांपासून त्याचे 'यूए ७+', 'यूए १३+' आणि 'यूए १६+' असे तीन भाग झाले. हे आकडे पालकांना सूचना म्हणून आहेत. 'ए' प्रमाणपत्र असेल तर अठरा वर्षांखालील मुलाला चित्रपटगृहात प्रवेश मिळत नाही, तशी सक्ती 'यूए'ला नाही, त्यामुळे निर्णय पूर्णपणे आपल्यावर येतो. जुन्या चित्रपटांवर तर वयाचा आकडाच नसतो.

मात्र मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती 'यू' प्रमाणपत्र असलेल्या विनोदी चित्रपटांची. लठ्ठ मुलाला, अडखळत बोलणाऱ्याला, सावळ्या मुलीला हसणे हाच ज्यांत विनोद असतो, तसे चित्रपट पाहून आलेली मुले दुसऱ्या दिवशी वर्गात कुणाला तरी तेच नाव ठेवतात. ज्याला नाव पडते ते मूल वर्षभर ते वागवते. हिंसा नाही, अश्लीलता नाही, आणि तरीही एका मुलाचे शाळेत येणे अवघड होऊन बसते. चित्रपट निवडताना त्यात कोण कुणाला हसते आहे, एवढे तरी पाहाच, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

रावपुऱ्याचे आजोबा

बाईंचे शेवटचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. परंतु दुःखाच्या बाबतीत मी थोडे वेगळे मत मांडतो. मुलांना दुःखद असे काहीच दाखवू नये, ही हल्लीची काळजी मला अतिरिक्त वाटते. मी माझ्या नातवासोबत, तो पाचवीत असताना, 'श्वास' पाहिला. २००४ साली आलेला हा मराठी चित्रपट राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला होता आणि ऑस्करसाठी भारताकडून पाठवला गेला होता, हे अनेकांना आठवत असेल. कोकणातल्या एका लहान मुलाला डोळ्यांचा कर्करोग होतो आणि त्याची दृष्टी शस्त्रक्रियेत जाणार असते. आजोबा त्याला शहरातल्या रुग्णालयात घेऊन आलेले असतात. विषय याहून कठीण कोणता असणार? तरीही नातू घाबरला नाही. त्या मुलाला खरे सांगायचे की नाही, यावर पडद्यावरची मोठी माणसे अडखळत असताना नातू मला म्हणाला, "त्याला सांगायला पाहिजे आजोबा, डोळे त्याचे आहेत."

मला वाटते, त्या चित्रपटात मुलाचा हात धरणारे एक मोठे माणूस सतत त्याच्याजवळ आहे, म्हणून माझ्या नातवाला ते दुःख सोसले. शस्त्रक्रियेपूर्वी आजोबा त्याला जग पाहून घेण्यासाठी बाहेर घेऊन जातात, तो भाग तर आम्ही दोघांनी पुन्हा लावून पाहिला. आजी, तुमच्या त्या पौराणिक चित्रपटात मुलाला नेले जात असताना त्याच्या बाजूने उभे राहणारे कुणीच नव्हते. मला वाटते, तुम्हाला भीती वाटली ती त्या एकटेपणाची.

दांडिया बाजारची आजी

आजोबा, इतक्या वर्षांत मला हे सुचले नव्हते. आपण लिहिलेत ते वाचून मी बराच वेळ बसून राहिले. आईचा आक्रोश ऐकून सगळी राजसभा गप्प होती, हेच मला आज सर्वांत स्पष्ट आठवते.

वाघोडिया रोडची आई

आजोबांचे मत मी आदराने वाचले, तरीही एक विनंती आहे. मुलाच्या आयुष्यात काय घडलेले आहे, हे वयाच्याही आधी पाहावे. माझ्या मुलाचे वडील तो पहिलीत असताना गेले. त्यानंतर घरी, शेजारी, वाढदिवसाला, कुठेही चित्रपट लागला की त्यात वडील जाणार आहेत का, हे मी आधी शोधून काढत असे. 'द लायन किंग'चे नाव निघाले की मी त्याला घेऊन दुसऱ्या खोलीत जात असे, आणि इतरांना ते विचित्र वाटत असे.

तो चौथीत गेल्यावर मी त्याला विचारून 'एलिझाबेथ एकादशी' लावला. हा २०१४ सालचा मराठी चित्रपट पंढरपुरात घडतो. त्यातल्या मुलाचे वडील हयात नाहीत, पण त्यांनी स्वतः तयार केलेली सायकल घरात आहे, आणि कर्जापायी ती विकावी लागू नये म्हणून मुले यात्रेत दुकान मांडतात. वडिलांचे जाणे पडद्यावर घडताना दिसत नाही. त्यांनी मागे ठेवलेल्या वस्तूवर मुलांचे किती प्रेम आहे, ते दिसते. पाहून झाल्यावर मुलाने विचारले की बाबांनी स्वतःच्या हाताने काय बनवले होते. मी त्याला दिवाणखान्यातले पुस्तकांचे कपाट दाखवले. तोपर्यंत तो वडिलांविषयी आपणहून काही विचारत नसे.

कारेलीबागेतील शिक्षिका

ताई, तुम्ही मुलाला विचारून चित्रपट लावलात, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आपण मुलांच्या वतीने बरेच ठरवतो, त्यांना विचारत मात्र नाही. तुम्हा दोघांना मनापासून शुभेच्छा.

गोत्रीचे बाबा

आपण बडोद्यातले मराठी पालक असल्यामुळे भाषेचा प्रश्न आपल्याला जरा जास्तच येतो. माझा मुलगा गुजराती माध्यमात शिकतो, घरी मराठी बोलतो आणि मित्रांसोबत हिंदी चित्रपटांतले संवाद म्हणतो. देवनागरी त्याला आम्ही घरी शिकवली, त्यामुळे तो वाचतो, पण सावकाश. पडद्याखालच्या ओळी त्याच्या वाचून होण्याआधीच निघून जातात. त्यामुळे परभाषेतले चांगले चित्रपट त्याच्यासाठी बंदच आहेत, असे मी धरून चाललो होतो.

मग एका रविवारी 'चिल्ड्रन ऑफ हेवन' हा इराणी चित्रपट लावून मी स्वतः शेजारी बसलो आणि खालच्या इंग्रजी ओळी मराठीत मोठ्याने सांगत गेलो. १९९७ सालचा हा चित्रपट जेमतेम दीड तासाचा आहे. भावाकडून बहिणीचे बूट हरवतात, घरची स्थिती बेताची असल्याने वडिलांना सांगता येत नाही, आणि मग दोघे एकच जोड आळीपाळीने वापरून शाळेत जातात, एवढीच त्याची गोष्ट. भाऊ शर्यतीत उतरतो, कारण तिसऱ्या क्रमांकाला बुटांचे बक्षीस असते. तो पहिला येतो, तेव्हा आमच्या घरात जो हळहळीचा सूर निघाला तो मी विसरणार नाही. मुलाला पहिले येण्याचे वाईट वाटावे, असा प्रसंग त्याने आयुष्यात प्रथमच पाहिला असावा. हे सगळे त्याला शब्दांवाचूनही कळत होते, कारण गोष्टच शाळेच्या वाटेवरची आहे. माझे निवेदन निम्म्यावर आल्यावर त्यानेच मला थांबवले आणि म्हणाला, "आता नका सांगू, मला समजतंय."

फतेहगंजची मावशी

गोत्रीच्या बाबांनी लिहिले म्हणून सुचवते की मूकपट लावून पाहा; त्यात भाषेची अडचणच नाही, आणि अधूनमधून येणाऱ्या लिखित पाट्या आपण वाचून दाखवू शकतो. बडोद्याच्या कलाभवनात चित्रकला शिकलेल्या दादासाहेब फाळक्यांचा 'कालिया मर्दन' हा १९१९ सालचा मूकपट त्याच्या उरलेल्या स्वरूपात आजही पाहता येतो. त्यात कृष्णाचे काम फाळक्यांच्या लहान मुलीने, मंदाकिनीने केले आहे, आणि सुरुवातीला तिच्या चेहऱ्यावरचे निरनिराळे भाव दाखवले आहेत. माझी भाची ते भाव आरशासमोर करत बसली होती. एवढ्या वयाची मुलगी कृष्ण होऊन कालियाशी झुंजते, हे पाहताना तिला नागाची भीती वाटली नाही. तिसरी-चौथीच्या मुलांना पुढे फाळक्यांवरचाच 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' दाखवता येईल. सगळे कुटुंब मिळून चित्रपट कसा तयार करते, हे त्यात फार प्रसन्नपणे आले आहे.

अलकापुरीचे काका

चित्रपटगृहाविषयी कुणी लिहिलेले दिसले नाही, म्हणून थोडक्यात लिहितो. ज्या चित्रपटात तंबाखूचे सेवन दिसते, त्याच्या सुरुवातीला आणि मध्यावर किमान ३० सेकंदांचा इशारा दाखवावा लागतो. तो आवश्यकच आहे, परंतु त्यातील रुग्णांची दृश्ये आमच्या पुतणीला मुख्य चित्रपटापेक्षा जास्त लागली. दुसरे म्हणजे आवाज. लहान मुलांसोबत आम्ही नेहमी मागच्या ओळीत, कडेच्या खुर्च्या घेतो, म्हणजे गरज पडल्यास कुणालाही न उठवता बाहेर जाता येते.

समा-सावलीची आत्या

आमच्याकडे सुट्टीत पहिलीपासून सहावीपर्यंतची मुले एकत्र येतात, त्यामुळे आजींचा प्रश्न मला जवळचा वाटला. आम्ही नेहमी सर्वांत लहान मुलाला झेपेल असा चित्रपट सगळ्यांसाठी निवडतो. मोठी मुले कुरकुरतात, पण धाकट्यांना समजावून सांगण्याचे काम दिले की ती मनापासून बसतात. मोठ्यांसाठीचा चित्रपट धाकटी दुपारी झोपल्यावर लावतो. दोन तासांहून लांब चित्रपट आम्ही दोन दिवसांत पाहतो, आणि मधल्या रात्री पुढे काय होईल याच्या गोष्टी मुले स्वतः रचतात. त्या पुष्कळदा मूळ कथेपेक्षा निराळ्या असतात आणि त्यांवरून मुलांच्या मनात काय चालले आहे हे चांगले समजते.

माझा एक प्रश्न आहे. मोबाइलवर किंवा दूरदर्शन संचावर मुले स्वतःच चित्रपट शोधून लावतात, त्याला काय करावे?

कारेलीबागेतील शिक्षिका

आत्या, २०२१ च्या नियमांनुसार ओटीटी सेवांनाही वयाप्रमाणे वर्गीकरण दाखवणे बंधनकारक आहे, आणि 'यूए १३+' व त्यापुढच्या सर्व चित्रपटांसाठी पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यावी लागते. खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ते कुलूप लावावे, संकेतांक मुलांच्या वाढदिवसाचा ठेवू नये, आणि मुलांसाठी स्वतंत्र प्रोफाइल करावे. 'यूए ७+' मात्र त्या सक्तीच्या कुलपात येत नाही, त्यामुळे पहिलीतले मूल ते सहज लावू शकते. त्यासाठी आमच्या घरी एकच नियम आहे: चित्रपट दिवाणखान्यातल्या मोठ्या पडद्यावर लागेल, आणि सुरुवातीची वीस मिनिटे घरातले एक तरी मोठे माणूस शेजारी बसेल.

दांडिया बाजारची आजी

बाई, ती वीस मिनिटे मी बसेन. नातवंडांसाठी मी 'एलिझाबेथ एकादशी' आणि तो बुटांचा इराणी चित्रपट निवडला आहे. दोन्ही या आठवड्यात दुपारी एकटीने पाहून घेते. गोत्रीच्या बाबांनी त्या इराणी चित्रपटात कुणी मुलांवर फार ओरडते का, हे मात्र आठवून कळवावे, कारण माझी धाकटी नात मोठ्या आवाजाला दचकते.

गोत्रीचे बाबा

आजी, वडील एकदा मुलाला रागाने बोलतात आणि शाळेत उशीर झाल्यावरून त्याला दटावले जाते, मारहाण कुठेही नाही. नातीला पहिल्या अर्ध्या तासापुरते जवळ घेऊन बसा.