कॉलेज बेसबॉल: कॉन्फरन्सची स्पर्धा हवीच कशाला?

सांजवेळ: मे सरत आला की अमेरिकेतल्या बहुतेक कॉन्फरन्स, म्हणजे हंगामभर आपसांत खेळणारे कॉलेजांचे गट, आपापली अजिंक्यपद स्पर्धा भरवतात. जिंकणाऱ्याला एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेच्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या ६४ संघांत थेट जागा. मला हे मुळातच पटत नाही. एसईसी या मोठ्या कॉन्फरन्समध्ये प्रत्येक संघ दहा आठवडे, दर आठवड्याला तीन, असे ३० सामने आपसांत खेळतो. त्यातून वर राहतो तोच खरा सरस. मोठ्या कॉन्फरन्सचे संघ स्पर्धेत हरले तरी निवड समिती त्यांना आत घेते. छोट्या कॉन्फरन्सला बहुधा एकच जागा मिळते. तिथे हंगामभर अव्वल राहिलेली पोरं एका वाईट दुपारी घरी परततात. २०२२ मध्ये ओले मिस (मिसिसिपी विद्यापीठाचा संघ) हूव्हरला, म्हणजे एसईसीच्या स्पर्धेत, पहिलाच सामना हरले, समितीने त्यांना अगदी शेवटी आत घेतलं, आणि ओमाहात, राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम टप्प्यात, विजेते तेच ठरले. मग हूव्हरने काय सिद्ध केलं?

डावखुरी: हे उदाहरण तुमच्यावरच उलटतं. त्या वर्षी एसईसीत ओले मिसचे १४ विजय, १६ पराभव होते. तुमच्या ३० सामन्यांच्या न्यायाने ते ओमाहाला दिसायलाच नको होते! फेब्रुवारीतला संघ आणि मे अखेरचा संघ एक नसतो. पहिल्या वर्षाची मुलं तोवर तयार होतात, दुखरा खांदा बरा होतो. त्यांना शेवटची संधी द्यायलाच हवी.

तिसरा_बेस: माझा भाचा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, आहे, म्हणून मला खांद्याचीच काळजी. एरवी शुक्रवारी टाकणाऱ्याला पुढच्या शुक्रवारपर्यंत विश्रांती. स्पर्धेत थेट जागा समोर दिसली की कोच त्याला दोन-तीन दिवसांत पुन्हा उभा करतो. वीस वर्षांच्या मुलाने नाही म्हणायचं तरी कसं?

डावखुरी: काळजी रास्त आहे, दादा. पण उपाय स्पर्धेची रचना बदलण्यात आहे. २०२५ पासून एसईसीत सोळाही संघ येतात, हरला की बाहेर. सामने कमी झाले. हंगामातले पहिले चार संघ थेट उपांत्यपूर्व फेरीत, म्हणजे हंगामाचं मोलही राहतं.

सांजवेळ: ओले मिसबद्दल तुमचं म्हणणं मान्य, तो मुद्दा मी मागे घेतो. पण ते आत आले समितीमुळे, हूव्हरमुळे नव्हे. आणि पॅक-१२ या पश्चिमेकडच्या कॉन्फरन्समध्ये २०२२ पर्यंत ही स्पर्धाच नव्हती. तरी तिथल्याच ओरेगन स्टेटने २००६, २००७ आणि २०१८ ला ओमाहा जिंकलं. त्यांचं काय अडलं?

डावखुरी: ओरेगन स्टेटचं नाही अडलं. त्याच कॉन्फरन्समध्ये तळाशी राहिलेल्यांचं अडलं. त्यांचा मे महिना एप्रिलमध्येच संपायचा.