वाइनमध्ये जुना मराठी फॉन्ट वापरताना जोडाक्षरांच्या जागी चौकोन येतात

प्रश्न (अंबाजोगाई)

नमस्कार. आमचा छोटा छापखाना आहे. गेल्या पंधरा वर्षांतील पत्रिकांच्या फाइली डीटीपीच्या (संगणकावर पाने मांडण्याच्या) एका जुन्या विंडोज प्रोग्राममध्ये असून त्यांतील फॉन्ट युनिकोडच्या (सर्व भाषांतील अक्षरांना क्रमांक देणाऱ्या मानक पद्धतीच्या) आधीचे आहेत. विंडोज 7 चा संगणक बंद पडल्यावर आम्ही उबंटू ही लिनक्स प्रणाली घेतली, भाषा मराठी निवडली आणि तोच प्रोग्राम वाइनमधून, म्हणजे लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून, चालवू लागलो. फॉन्ट यादीत दिसतो, परंतु ‘॥ श्री तुळजाभवानी प्रसन्न ॥’ या ओळीत ‘तुळजाभवानी’ स्वच्छ उमटते आणि ‘श्री’, ‘प्र’, ‘न्न’ यांच्या जागी चौकोन येतात. एका लग्नपत्रिकेचे काम अडले आहे. कृपया मार्ग सुचवावा.

उत्तर (परभणी)

फॉन्टची फाइल वाइनच्या सी ड्राइव्हमधील विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरमध्ये ठेवून प्रोग्राम पुन्हा सुरू करून पाहावा. एकाच नावाच्या फॉन्टच्या दोन आवृत्त्या असतील, तर एक काढावी.

उत्तर (नांदेड)

फॉन्ट सापडत नसता, तर ‘तुळजाभवानी’सुद्धा उमटली नसती. साधी अक्षरे येतात आणि जोडाक्षरे जातात, यातच दुखणे कळते. जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकित खणांत बसवलेली असत. 127 पर्यंतचे खण भरले की उरलेली, बहुधा जोडाक्षरे, 128 ते 255 या खणांत जात. हे वरचे खण कसे वाचायचे, ते कोडपेजवर, म्हणजे कोणत्या क्रमांकाला कोणते अक्षर हे सांगणाऱ्या तक्त्यावर, ठरते आणि असे फॉन्ट बहुतेक 1252 हे कोडपेज गृहीत धरून केलेले आहेत. विंडोजच्या व्यवस्थेत मराठीला स्वतःचे आठ-बिटी कोडपेजच नाही, ती केवळ युनिकोडवर चालते. वाइन आपले कोडपेज उबंटूच्या लोकेलवरून (भाषा व प्रदेशाच्या सेटिंगवरून) ठरवते. तुमचे लोकेल मराठी असल्याने 1252 लागत नाही आणि वरच्या खणांतील चिन्हे हरवतात.

म्हणून वाइनचे सर्व प्रोग्राम बंद करावेत आणि केवळ या प्रोग्रामपुरते लोकेल अमेरिकन इंग्रजी ठेवून तो सुरू करावा. उबंटू मराठीतच राहू द्यावे. मात्र चौकोन दिसत असताना कोणतीही फाइल सेव्ह करू नये, आधी सर्व फाइलींची प्रत काढावी. पंधरा वर्षांचे काम आहे ते.

उत्तर (लातूर)

वरील निदान मला पटते. एक भर घालतो. वाइन आभासी संगणक उभा करत नाही, विंडोजसाठी लिहिलेल्या प्रोग्रामच्या मागण्या लिनक्सकडून पुरवून घेते, त्यामुळे अक्षरे रेखाटण्याचे काम लिनक्सवरील फ्रीटाइप हे सॉफ्टवेअर करते. फाइलींत मंगलसारखा विंडोजसोबत येणारा फॉन्ट असेल, तर तो उबंटूत नसल्याने दुसरा लागतो, अक्षरांची रुंदी बदलते आणि ओळी पुढच्या पानावर सरकतात. तेव्हा वाइनच्या रजिस्ट्रीत (सेटिंगच्या नोंदींत) बदली फॉन्ट स्वतः नेमून द्यावा आणि प्रत्येक पान जुन्या छापील प्रतीशी ताडून पाहावे.

प्रश्नकर्ता (अंबाजोगाई)

लोकेल बदलून प्रोग्राम सुरू केला. ‘श्री’ आणि ‘प्रसन्न’ दोन्ही जसेच्या तसे आले. पीडीएफमध्ये फॉन्ट अंतर्भूत करून पत्रिका छपाईला दिली आहे. ‘वऱ्हाडी’मधला अर्धा र मात्र अजून थोडा वर चढलेला दिसतो; त्यासाठी फॉन्टच्या दोन आवृत्त्या आहेत का, ते आज रात्री तपासतो. सर्वांचे मनापासून आभार.