'हॅलोवीन' हा भयपट तुम्ही पहिल्यांदा कधी पाहिलात? अनुभव लिहा

काल लेकीने लॅपटॉपवर 'हॅलोवीन' लावला. जॉन कारपेंटरचा, १९७८चा. मी कणीक मळत होते. पियानोचे ते सूर कानावर आले आणि हात थांबलेच. एकदम मामाचं घर, भाड्याने आणलेला व्हीसीआर आणि एका चादरीत तोंडं खुपसलेली आम्ही चार भावंडं आठवली. माझ्या आठवणीत त्यात रक्ताचे पाट होते. काल नीट पाहिला तर रक्त जवळपास नाहीच! भर दुपारी तो मुखवटेवाला खुनी झुडपाच्या कुंपणाशी उभा असतो, नायिका लॉरी पुन्हा बघते तर नाही. बस्स. तेवढ्यावरून मी त्या सुट्टीत वाळवण राखायला गच्चीवर एकटी बसत नव्हते.

—

चादर!! आमच्याकडे उशी. बाकीचं नंतर लिहिते, कुकर लावलाय.

—

त्या सुरांबद्दल. मी तबला शिकायचो, म्हणून मोजून पाहिले. दहा ठोके, ३-३-२-२. आपला झपतालही दहाच मात्रांचा, पण २-३-२-३. सवयीने टाळी द्यायला जावं तर हात चुकतो. कारपेंटरला ही पाचाची (दुप्पट केली की दहाची) लय वडिलांनी बोंगोवर शिकवली होती. संगीतही त्यानेच दिलंय. मला सुरीपेक्षा त्या लयीची भीती जास्त वाटायची.

—

मुखवट्याचं कोणीच लिहिलं नाही? पैसे नव्हते, सगळा सिनेमा तीन-सव्वातीन लाख डॉलरमध्ये. दुकानातून दोन डॉलरच्या आत 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा मुखवटा आणला, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग फासला. झाला खुनी मायकेल मायर्स! कॉलेजच्या एकांकिकेला आम्ही पुठ्ठ्यावर डिस्टेंपर मारून तसाच केला होता. चेहऱ्यावर भावच नसले की बघणारा स्वतःची भीती त्यात भरतो, हे तेव्हा विंगेतून प्रेक्षकांकडे बघताना कळलं.

—

गच्चीवर कसलं वाळवण होतं? साबुदाण्याच्या पापड्या का? माझ्या यंदा सगळ्या तडकल्या.

—

@पापड्या: उन्हातच तडकल्या का? पहिल्या दिवशी सावलीत ठेवून बघा.

—

गोष्ट इलिनॉयची असली तरी शूटिंग कॅलिफोर्नियात, साउथ पॅसाडिनाला झालंय. तेही वसंतात, म्हणून पानं रंगवून पसरायची आणि शॉट झाला की गोळा करून परत वापरायची. मायर्सचं घर मूळ जागेवरून हलवलंय, आता रुळांजवळ आहे. बाबा इथे आले होते तेव्हा मुद्दाम दाखवायला नेलं. बराच वेळ बघत राहिले, म्हणाले, "एवढंसंच आहे रे!" त्यांनीच मला हा सिनेमा दाखवला होता. आता ते नाहीत.

—

दादा, वाईट वाटलं वाचून. फोटो काढला होतात का त्यांचा तिथे?

—

काढलाय. पाठमोरा.

—

आईची रात्रपाळी असायची तेव्हा दोन्ही धाकटे भाऊ माझ्यावर असायचे. म्हणून मला दुसऱ्यांची पोरं सांभाळणारी लॉरीच जवळची. जेमी ली कर्टिसचा तो पहिला सिनेमा. विणायची सुई, कपड्यांचा हँगर, हाताला लागेल त्याने ती लढते, आणि संधी मिळताच पोरांना शेजारी पिटाळते. पाहिल्यावर पहिलं काय केलं असेन तर घरातल्या सगळ्या कड्या तपासल्या आणि आजीच्या सुया उशाशी घेतल्या. बरीच वर्षं तिथेच होत्या.

—

आले, कुकर उतरवला. मला शेवट छळतो. गोळ्या लागून मायकेल खाली पडतो, त्याचे डॉक्टर वाकून बघतात तर हिरवळीवर कोणी नाही. मग नुसत्या रिकाम्या खोल्या, जिना, घरं आणि श्वासाचा आवाज. घरात सगळे झोपल्यावर पाणी प्यायला उठले की अजूनही आधी जिन्याकडे बघते.