स्वतः जिंकायचं सोडून दुसऱ्याला मागे ओढत नेणं, ही शर्यत की अडवाअडवी?

खारा_वारा:
काल रात्री झोप येईना म्हणून सिडनी २००० ऑलिंपिकच्या लेझर क्लासची शेवटची रेस परत बघितली आणि डोकं फिरलं, म्हणून हा धागा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: लेझर म्हणजे एकट्याने चालवायची सव्वाचार मीटरची छोटी शिडाची बोट, सगळ्यांची अगदी सारखी, आता तिला इल्का ७ म्हणतात. सिडनीला ४३ बोटी होत्या. अकरा रेस, प्रत्येकाच्या दोन सगळ्यात वाईट रेस वगळायच्या, उरलेल्यांत ज्याचे गुण (पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन असे) कमी तो जिंकला. शेवटच्या रेसआधी ब्राझीलचा रॉबर्ट शाइट पुढे होता, ब्रिटनचा बेन एन्स्ली मागे. पण शाइटच्या वगळायच्या दोन रेस आधीच वापरून झालेल्या, म्हणजे ही रेस खराब गेली तर ती गुणांत धरली जाणार, आणि एन्स्लीकडे मात्र एक वाईट रेस पचवायची सोय शिल्लक. मग या पठ्ठ्याने स्टार्टच्या आधीपासूनच शाइटला धरलं. तो वळला की हा वळणार, त्याचा वारा अडवून बसणार, आणि असं करत करत दोघेही ताफ्याच्या शेपटाला. शेवटी एकूण गुण एन्स्ली ४२, शाइट ४४. सोनं एन्स्लीला.
आता मला सांगा, ४३ बोटींच्या रेसमध्ये जाणूनबुजून मागे राहून सोनं घ्यायचं याला खेळ म्हणायचं का? माझं मत, नाही. नियमात बसत असेल, मनाला पटत नाही.

निवांत_नाखवा:
अहो साहेब, अर्धीच गोष्ट सांगितलीत! चार वर्षं मागे जा. १९९६, अटलांटा ऑलिंपिक, सेलिंग होतं सव्हानाला. तेव्हा एन्स्ली १९ वर्षांचं पोरगं आणि पुढे होता शाइट. शेवटच्या रेसला लोक सारखे लाईन आधीच ओलांडत होते, स्टार्ट परत परत घ्यावा लागला, शेवटी काळा झेंडा लागला, म्हणजे आता वेळेआधी लाईन ओलांडली की थेट बाद. शाइटने मुद्दाम आधी उडी मारली, पोरगं त्याच्या मागे गेलं, दोघे बाद आणि सोनं शाइटला. ते चाललं ना? सिडनीला त्याच माणसाला त्याच नाण्यात परत मिळालं. रडायचं काय त्यात.

पुणेरी_पतंग:
+१. कबड्डीत शेवटच्या दोन मिनिटांत चार गुणांनी पुढे असलेला संघ काय करतो? निदान रेषा ओलांडली, परत आला, रिकामी चढाई. प्रेक्षक ओरडतात, पण कोणी त्याला चीटिंग म्हणत नाही.

खारा_वारा:
@पुणेरी_पतंग, कबड्डीत दोनच संघ असतात हो. इथे बाकीचे ४१ जण पण मैदानात आहेत, त्यांनी काय घोडं मारलंय? तुम्ही दोघं कुस्ती खेळणार आणि त्यांची रेस वाकडी होणार.

स्टारबोर्ड_ताई:
हाच मुद्दा मांडायला आले. मी मोठी सेलर वगैरे नाही, पण मुंबई हार्बरमध्ये तीस-बत्तीस बोटींच्या रेगाटात, म्हणजे शिडाच्या बोटींच्या स्पर्धेत, भाग घेतलाय त्यावरून सांगते. सकाळची रेस, ओहोटी जोरात बाहेर चाललेली, आणि वाऱ्याच्या बाजूच्या पहिल्या मार्कपाशी (ज्याला वळसा घालायचा ती तरंगती खूण) नेहमीचं चित्र, स्टारबोर्डवर (उजवीकडून वारा घेत येणारे, त्यांना वाट द्यावी लागते) सगळ्यांची रांग लागलेली, पोर्टवरून (डावीकडून वारा घेत) येणारे फट शोधतायत आणि चारी बाजूंनी "स्टारबोर्ड! स्टारबोर्ड!" चा आरडाओरडा. मी रांगेत सातवी-आठवी होते, आयुष्यातली सगळ्यात चांगली रेस चाललेली, आणि माझ्या पुढचे दोघे सिरीजच्या पहिल्या नंबरसाठी एकमेकांत अडकलेले, एकाने दुसऱ्याला मार्कच्या पलीकडे वर वर न्यायला सुरुवात केली, मागून मी, माझ्या शिडात वाराच नाही, खाली ओहोटी, बोट सरकत सरकत मार्कला चिकटली. मार्कला टच म्हणजे गोल फिरून पेनल्टी. पंधरावी आले. त्यांना ट्रॉफी मिळाली, मला काय मिळालं? खांद्यावर निळा डाग.

निवांत_नाखवा:
ताई वाईट वाटलं, पण खरं सांगू का, त्या दोघांच्या इतक्या जवळ मागे राहिलात तिथेच चूक झाली. दोन रेडे झुंजतायत दिसलं की बाजूने जायचं 🙂 मोठ्या ताफ्यात घाण वारा कुठे नसतो? चाळीस बोटींची चाळीस शिडं, प्रत्येकाच्या मागे वाऱ्याची सावली. मुद्दाम अडवलं काय आणि सहज अडवलं गेलं काय, शिडाला फरक कळत नाही.

उंटावरचा_शहाणा:
नियमाचं बोलतो, कारण वर कोणीच बोललं नाही. नियम २, फेअर सेलिंग, आणि त्यावर केसबुकात, म्हणजे नियमांच्या निवाड्यांच्या पुस्तकात, केस ७८ आहे. सार असं की फ्लीट रेसमध्येसुद्धा (सगळा ताफा एकत्र असतो ती) तुम्ही दुसऱ्याच्या पुढ्यात बसून त्याला मागे नेऊ शकता, अट एवढीच की त्यातून तुमच्या स्वतःच्या अंतिम क्रमांकाचा किंवा निवडीचा फायदा होण्याची खरी शक्यता पाहिजे, आणि हे करताना दुसरा कुठलाही नियम मुद्दाम मोडायचा नाही. म्हणजे मित्राला पदक मिळावं म्हणून तिसऱ्याला अडवलं तर गुन्हा, स्वतःसाठी अडवलं तर डावपेच. सिडनीत प्रोटेस्टही (अधिकृत तक्रारी) झाले, शेवटी सोनं एन्स्लीकडेच राहिलं. विषय संपला.

खारा_वारा:
नियम संपला असेल, विषय नाही. क्रिकेटमध्ये सिक्स मारता येऊ नये म्हणून ऑस्ट्रेलियाने घरंगळत टाकलेला अंडरआर्म बॉलसुद्धा १९८१ ला नियमात होता.

पुणेरी_पतंग:
अंडरआर्ममध्ये बॅट्समनला काही करताच येत नव्हतं. शाइटला येत होतं. खोटा टॅक मारायचा, म्हणजे वळतोय असं दाखवून परत त्याच बाजूला जायचं, समोरचा पूर्ण वळून गेला की सुटलात. किंवा एखाद्या तिसऱ्या बोटीला मध्ये घ्यायचं. जगातला सगळ्यात भारी लेझर सेलर होता तो तेव्हा, त्याला जमलं नाही ही एन्स्लीची करामत.

दर्या_आणि_दही:
मी फक्त टीव्हीवर बघणारा, चुकलं तर सांगा. पण यात धोका किती असतो ते लंडन २०१२ ला दिसलं ना. फिन क्लास (तीही एकट्याने चालवायची बोट), सेलिंग होतं वेमथला. तोपर्यंत मेडल रेस आलेली, पहिल्या दहा बोटी, गुण दुप्पट, वगळता येत नाही. एन्स्ली आणि डेन्मार्कचा होग-क्रिस्टन्सन एकमेकांवर नजर ठेवून मागे, दहात नववा आणि दहावा! आणि पुढे हॉलंडचा पोस्टमा शेवटच्या टप्प्यात सोन्याच्या तोंडाशी आलेला. न्यूझीलंडच्या बोटीला ओव्हरटेक करायला गेला, घासला, पेनल्टी घ्यावी लागली, थेट चौथा. एन्स्ली आणि होग-क्रिस्टन्सन दोघांचे ४६ गुण, मेडल रेसमध्ये पुढे म्हणून सोनं एन्स्लीला. पोस्टमा नीट गेला असता तर दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ झाला असता आणि आज आपण एन्स्लीला मूर्ख म्हणत असतो.

स्टारबोर्ड_ताई:
हो, आणि म्हणूनच मेडल रेस बरी वाटते मला. भांडा ना, पण दहा जणांतच भांडा. सगळ्या ताफ्याच्या मधोमध नको. आपला विष्णू सरवणन पॅरिस ऑलिंपिकला ४३ मध्ये १८ वा आला, त्या पोझिशनला एकेक बोट मागे टाकायला जीव काढावा लागतो, तिथे पुढच्यांचं वैर मध्ये आलं तर पाच मिनिटांत सकाळभराची मेहनत पाण्यात.

निवांत_नाखवा:
आणि मेडल रेसमध्ये आठवडाभर चांगला खेळलेला माणूस एका वाऱ्याच्या झुळकीने पदक घालवतो, ते चालतं? मला विचाराल तर जुनी पद्धत जास्त प्रामाणिक होती. सगळे पाण्यात, सगळ्या रेस सारख्या, हिशोब डोक्यात ठेवा.

खारा_वारा:
ताईंच्या मेडल रेसच्या मुद्द्यावर मी अर्धा नरमलोय. दहा बोटींत केलं तर माझी हरकत नाही. पण @निवांत_नाखवा, एक सरळ प्रश्न: ताईंच्या जागी तुम्ही असता, आठव्याचे पंधरावे झाला असता, तर संध्याकाळी त्या ट्रॉफीवाल्याशी हात मिळवला असतात?

निवांत_नाखवा:
मिळवला असता. आणि पुढच्या रविवारी स्टार्टला त्याला अडवायला त्याच्या खालच्या बाजूला जाऊन उभा राहिलो असतो 😄