मदत हवी आहे: परत फिरायचा हुकूम बेट पडायच्या आधीच सुटला होता का?

वाचनवेडी
शनिवारी वाचनालयात बोलायचं आहे आणि एका जागी पार अडकले आहे. दुसऱ्या महायुद्धातली गोष्ट. बेट पडलं २३ डिसेंबरला. सुटकेसाठी निघालेल्या आरमाराला परत बोलावल्याचा हुकूम मात्र २२ डिसेंबरचा. म्हणजे जपानी उतरायच्या आधीच त्या माणसांना वाऱ्यावर सोडलं होतं? तसं असेल तर माझ्या बोलण्याचा सगळा रोखच बदलतो. ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच सांगा, आणि जरा लवकर.

खग्रास
कुठलं बेट? ग्वाम म्हणत असाल तर ते १० डिसेंबरलाच पडलं. साल तरी लिहा.

जुनाजाणता
हाँगकाँग असणार. ते २५ला, ऐन नाताळात पडलं. तिथे राजपूत आणि पंजाबी पलटणींचे जवान लढले, त्यांच्याबद्दल आपल्याकडे कुणी बोलत नाही. तुम्ही त्यांच्यावरच बोला, ताई.

वाचनवेडी
वेक. १९४१. पॅसिफिकमधलं अमेरिकेचं, पहिला जपानी हल्ला परतवून लावला ते बेट.

शिलेदार
वेक असेल तर माघारीचं कशाला काढता? ११ डिसेंबर सांगा. ८ तारखेला छत्तीस बॉम्बफेके मार्शल बेटांकडून आले. बेटावर रडार नव्हतं, लाटांच्या गाजेत इंजिनांचा आवाजही कळला नाही. बारा वाइल्डकॅट विमानांपैकी आठ जमिनीवरच गेली. तरी तीन दिवसांनी जपानी ॲडमिरल काजिओकाचं आरमार आलं तेव्हा बेटावरच्या अमेरिकी मरीन सैनिकांचा प्रमुख मेजर डेव्हरो याने जहाजं अगदी टप्प्यात येईपर्यंत एकही तोफ डागू दिली नाही. शेजारच्या विल्क्स बेटावरच्या पाच इंची तोफांनी हायाते ही जपानी विनाशिका बुडवली. दुसरी विनाशिका किसारागी बुडाली ती वैमानिक कॅप्टन एलरॉडच्या बॉम्बने. एवढ्यावर तासभर सहज बोलता येईल.

वाचनवेडी
११ तारीख लिहून झाली आहे. माझा प्रश्न २२-२३चा आहे.

पुणेरी_नकाशा
मग सरळ सांगतो. व्हाइस ॲडमिरल पाय (Pye) कचरला. पॅसिफिक आरमाराचा प्रमुख किमेल याला १७ला हटवलं, त्याच्या जागी निमिट्झ यायचा होता, मधल्या दिवसांत पायकडे हंगामी सूत्रं होती. साराटोगा विमानवाहू, तिच्याबरोबर टँजिअर जहाजावर कुमक, दारूगोळा आणि रडारसुद्धा. एवढं सगळं वेकपासून चारशेहून जास्त सागरी मैलांवरून परत नेलं. या ताफ्याचा प्रमुख फ्लेचर तर २२ला विनाशिकांना तेल भरत बसला होता.

शिलेदार
‘तेल भरत बसला’ हे बोलणं अन्यायाचं आहे. लढाईच्या तोंडावर अर्ध्या टाकीने विनाशिका पुढे नेता येत नाहीत, आणि नेचेस हे तेलाचं जहाज संथ होतं. दुसऱ्या खेपेला जपान्यांनी सोर्यू आणि हिर्यू या विमानवाहू आणल्या. पर्ल हार्बरनंतर अमेरिकेकडे पॅसिफिकमध्ये विमानवाहू तीन. त्यातली एक गमावली असती तर?

पुणेरी_नकाशा
साराटोगावरचे वैमानिक पुढे जायला तयार होते. हुकूम ऐकून जहाजावर लोक चिडले, काहींना रडू आलं. हिशेब बरोबर असेलही, पण बेटावरच्यांच्या जागी उभं राहून बघा.

जुनाजाणता
अवांतर: अंदमानही असंच गेलं, २३ मार्च १९४२ला, जवळजवळ न लढता. त्यावर वेगळा धागा काढू का?

दर्यावर्दी
ताई, तुमची २२ तारीख कुठली आहे? होनोलुलूची की वेकची? मी बोटीवर नोकरी केली आहे, त्या पट्ट्यातून गेलो आहे. दोन्हींच्या मध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा आहे, ती ओलांडली की तारीख बदलते.

वाचनवेडी
मी वाचलेल्या लेखात नुसती तारीख आहे. पण पाय होनोलुलूजवळच्या पर्ल हार्बरला होता, म्हणजे तिथलीच असणार ना?

दर्यावर्दी
मग कोडं सुटलं. हवाईत २२ची सकाळ असते तेव्हा वेकवर २३ उजाडलेली असते. जपानी वेकवर उतरले २३च्या मध्यरात्रीनंतर, अडीचच्या सुमारास. शत्रू बेटावर आहे, निकाल अनिश्चित आहे, असा बेटाचा प्रमुख कमांडर कनिंगहॅम याचा निरोप पहाटे गेला. पायचा हुकूम हवाईच्या २२ला सकाळी नवानंतर सुटला, म्हणजे उतरण्यानंतर काही तासांनी, लढाई चालू असताना. आधी नाही. ८ डिसेंबरचा वेकवरचा हल्ला आणि ७ डिसेंबरचं पर्ल हार्बर हे त्याच हिशेबाने एकाच दिवसाचं.

खग्रास
हे पटलं. पण आधी हुकूम देऊन एकदा बदलला होता ना?

शिलेदार
त्यात शिरू नका, तासाभरात पुरायचं नाही. विल्क्स मात्र सोडू नका. तिथे कॅप्टन प्लॅटच्या माणसांनी उतरलेली जवळजवळ सगळी तुकडी कापून काढली होती. टेलिफोनच्या तारा तुटल्यामुळे डेव्हरोला ते कळलंच नाही. विल्क्सही गेलं असं समजून शरणागती झाली.

वाचनवेडी
दर्यावर्दी, मनापासून आभार. म्हणजे ‘सोडून दिलं’ असं मी म्हणणार नाही, ‘पोचता आलं असतं का’ हे विचारेन. तारखा सगळ्या वेकच्या घेते. शेवटचा भाग कामगारांचा ठेवते. बेटावर सैनिकांच्या दुपटीहून जास्त, अकराशेवर बांधकाम कामगार होते. कित्येकांनी आपणहून तोफांवर दारूगोळा वाहिला, आणि त्यांची नावं कुठेच पुढे येत नाहीत. त्यांतल्या ९८ जणांना जपान्यांनी कामासाठी मागे ठेवलं आणि ऑक्टोबर १९४३मध्ये मारलं. खडकावर ५-१०-४३ कोरलेलं आहे, लेखात मात्र ७ ऑक्टोबर. हीसुद्धा वाररेषाच का?

दर्यावर्दी
नाही. अमेरिकी विमानवाहू जहाजांचा वेकवरचा मोठा हल्ला ५ ऑक्टोबरला सुरू झाला. त्यानंतर बेटावरचा जपानी प्रमुख सकाइबारा याच्या हुकमाने ७ला हत्या झाली. त्यासाठी त्याला १९४७मध्ये ग्वामवर फाशी दिलं. एक जण तेव्हा निसटला होता, खडकावरचं त्याचंच मानतात, नंतर तोही मारला गेला. दोन्ही तारखा सांगा.

जुनाजाणता
वाचनालय कुठलं? प्रोजेक्टर आहे का तिथे? नसेल तर नकाशा मोठ्या कागदावर काढून न्या, मागच्या बाकांना काही दिसत नाही.

वाचनवेडी
प्रोजेक्टर नाही. वेक, विल्क्स, पील ही लगतची तिन्ही बेटं दिसतील असा साधा रेखानकाशा कुणाकडे आहे का? उद्या संध्याकाळपर्यंत हवा आहे.

पुणेरी_नकाशा
आज रात्री काढून टाकतो. तोफांच्या जागाही दाखवतो.