मदत हवी आहे: टेकऑफनंतर वाजणारं ते एक 'टिंग' नक्की कशाचं?

ग्रुपवर एअरबस ए३२० वर काम केलेलं कोणी आहे का, केबिन क्रू किंवा पायलट? आईला विमानात काही वाजलं की बिघाडच झाला असं वाटतं आणि पुढच्या महिन्यात ती मुंबई-दिल्ली एकटी जाणारे, म्हणून तिला कागदावर सोप्या भाषेत लिहून द्यायचंय.

एवढं कळलंय की सीट बेल्टची खूण लागली किंवा विझली की खालच्या सुरात एकदा वाजतं, प्रवाशाने बटण दाबलं तर वरच्या सुरात एकदा आणि निळा दिवा, टॉयलेटमधून बोलावलं तर पिवळसर दिवा, आणि कॉकपिटमधून क्रूला फोन आला की टिंग-टाँग. इथपर्यंत ठीक.

अडलंय पुढे. टेकऑफनंतर थोड्या वेळाने एक टिंग होतं, बेल्टची खूण मात्र तशीच चालू, आणि क्रू लगेच उठून कामाला लागतात. व्हिडिओ पाहिले तर म्हणे १०,००० फूट झाले, कारण त्याखाली पायलटांना कामाव्यतिरिक्त काही बोलायचं नसतं, अमेरिकेत तसा नियमच आहे १९८१ पासून. पण ते सगळे तिकडचे, त्यात बरेचसे बोइंगवाले. इथे क्रूला विचारलं तर "रूटीन आहे सर" एवढंच. (आईला 'रूटीन' सांगून काहीही पटत नाही.)

'घाबरू नका म्हणावं' वगैरे सगळं सांगून झालंय, ते नको. भारतातल्या ए३२० वर हे टिंग पायलट स्वतः देतात की आपोआप वाजतं, आणि एअरलाइन बदलली की अर्थ बदलतो का?